स्वतःच्या जबाबदारीवर

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांवर दोन-चार रात्री काढलेल्या माणसाला एक कागद ओळखीचा असतो. दवाखान्यातली मंडळी त्याला ‘डामा’ म्हणतात. नातेवाइकाला समजावताना सिस्टर सांगते, “तुम्ही पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेताय, इथे सही करा.” वैद्यकीय सल्ला डावलून रुग्णाला नेत असल्याची ती लेखी कबुली. पुष्कळदा तसा सल्ला कोणी दिलेलाच नसतो. उलट आदल्या रात्री डॉक्टरांनीच थोरल्या मुलाला बाजूला घेऊन “आता आमच्या हातात काही नाही, घरी न्यायचं असेल तर बघा” असे हळूच सुचवलेले असते. सकाळी कागदावर मात्र डॉक्टर उपचार करायला तयार आणि मुलगा न्यायला उतावीळ, असे उलटे चित्र उमटते. मग रुग्णवाहिका येते, कोणीतरी अंबूची पिशवी दाबत शेजारी बसतो, आणि गावची वेस यायच्या आत माणूस जातो.

माझ्या मामांना आम्ही असेच आणले. सही माझी होती. त्यांच्या घशात दहा दिवस नळी होती, मूत्रपिंडे थांबलेली, हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले. नळी निघाल्यावर त्यांना धाप लागली तेव्हा द्यायला आमच्याजवळ औषध नव्हते, कारण ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ नेलेल्या रुग्णाला दवाखाना औषध लिहून देत नाही. शेवटचे पावणेदोन तास त्यांनी ज्या हालात काढले, त्यांची गरज नव्हती. त्यांच्या आयुष्याचा शेवट कोणी थांबवू शकत नव्हते, पण ते हाल थांबवता आले असते, आणि कायद्याने ते थांबवायला कोणाची आडकाठी नव्हती. हे मला नंतर, निकालपत्रे वाचताना कळले.

भारतात आयुष्याच्या अखेरीचा कायदा आहे का, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, दोन आहेत. एक सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिलेला आणि २०२३ मध्ये सुधारलेला. दुसरा हा डामाचा कागद. पहिला निकालपत्रात आहे, दुसरा दवाखान्यात चालतो. पहिला इथवर कसा आला आणि दुसऱ्याला तो अजून का हटवू शकलेला नाही, हे नीट पाहायला हवे.

ही गोष्ट मुंबईतच सुरू होते, परळच्या केईएम रुग्णालयात. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी अरुणा शानभाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळली गेली, मेंदूचा प्राणवायू तुटला आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरहून नोकरीसाठी मुंबईला आलेली ही तरुणी पुढची एक्केचाळीस वर्षे केईएमच्या वॉर्ड क्रमांक चारला लागून असलेल्या खोलीत पडून राहिली. हल्लेखोरावर बलात्काराचा गुन्हा नोंदलाच गेला नाही. चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला. अरुणाला मात्र सुटका नव्हती.

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिला अन्न देणे थांबवावे आणि शांतपणे मरू द्यावे. न्यायालयाने मुंबईतल्याच तीन डॉक्टरांची समिती नेमली. त्यांनी तिला पाहून अहवाल दिला. ती पूर्ण कोमात नव्हती. आवडते खाणे मिळाले की चेहऱ्यावर काही उमटायचे, खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ व्हायची. आणि केईएमच्या परिचारिका, त्यांतल्या बहुतेक तिच्या हल्ल्यानंतर कित्येक वर्षांनी नोकरीला लागलेल्या, एकमुखाने म्हणाल्या की ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला तिथून हलवायचे ठरवले तेव्हा तिथल्या परिचारिकांनी संप करून ते हाणून पाडले होते. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर एकही शय्याव्रण नाही, ही नोंद न्यायालयाने आवर्जून घेतली. ज्यांनी घरात एखादे अंथरुणावरचे माणूस सांभाळले आहे, त्यांना या एका वाक्याचे वजन कळेल.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणी यांचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे ठरवले. मात्र त्याच निकालात त्यांनी दार किलकिले केले. रुग्णाला जगवून ठेवणारे उपचार काढून घेणे योग्य प्रकरणात कायदेशीर ठरू शकते, पण त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी हवी, किमान दोन न्यायमूर्तींचे खंडपीठ हवे आणि तीन डॉक्टरांचा अहवाल हवा. अरुणा शानभाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. तिच्या नावावरचा निकाल तिला लागू झालाच नाही. दुसऱ्यांना तरी लागू व्हावा, तर व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या घरच्यांनी वकील गाठून उच्च न्यायालयात खंडपीठाची वाट पाहायची, ही कल्पना कागदावरच राहण्यासारखी होती.

त्याआधीचा धागा थोडक्यात सांगतो, कारण त्यातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी मुंबईत १९८१ मध्ये संस्था काढली. १९८५ मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत याच विषयावर खासगी विधेयक आणले. ते संमत झाले नाही. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मारुती दुबळ या पोलीस शिपायाचे प्रकरण आले. महापालिकेच्या कार्यालयाबाहेर त्याने पेटवून घ्यायचा प्रयत्न केला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच दिशा धरली, पण १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ती बदलली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्यांनी सांगितले. तरीही त्याच निकालात एक वाक्य असे होते की पुढचे सगळे त्यावर उभे राहिले. मरण जवळ येऊन ठेपले असेल आणि नैसर्गिक शेवटाची वाट चालू झाली असेल, तर सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग आहे, अशा आशयाचे.

कायदा हे सांगायच्या कितीतरी आधी आपल्या समाजाला ते उमगले होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या. डॉक्टर हजर होते. कोणी नळी घातली नाही, कोणी गुन्हा नोंदवला नाही. ऐन दिवाळीत, १५ नोव्हेंबरला ते गेले. मला या प्रसंगात व्रतापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की विनोबा शुद्धीवर होते, त्यांनी स्वतः सांगितले आणि आजूबाजूच्यांनी ऐकले. अतिदक्षता विभागातला माणूस सांगू शकत नाही. त्याच्या घशात नळी असते, नसेत गुंगीचे औषध असते. त्याचा आवाज तिथवर कसा पोचवायचा, एवढाच कायद्याचा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर ९ मार्च २०१८ ला आले. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्यायमूर्ती सिक्री, खानविलकर, चंद्रचूड आणि भूषण यांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ चा भाग असल्याचे मान्य केले. माणसाने सुदृढ असताना आपल्या अखेरच्या उपचारांविषयी लिहून ठेवलेले इच्छापत्र कायदेशीर ठरवले. मालमत्तेचे मृत्युपत्र असते तसे हे वैद्यकीय इच्छापत्र, फक्त ते मेल्यानंतर नव्हे तर मरण्याआधी वाचायचे.

दुर्दैवाने न्यायालयाने या हक्काभोवती एवढे कुंपण घातले की आत शिरायला वाट उरली नाही. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. रुग्णालयाच्या मंडळात वीस वर्षे अनुभवाचे तज्ज्ञ हवेत. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्याने दुसरे मंडळ नेमायचे आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः दवाखान्यात येऊन रुग्णाला पाहायचे. ज्या तालुक्यात भूलतज्ज्ञ मिळायची मारामार, तिथे वीस वर्षांचा अनुभव असलेले हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाचे तज्ज्ञ कुठून आणायचे? ही भीती कशाची होती तेही समजून घ्यायला हवे. शेतजमिनीच्या वाटणीवरून म्हाताऱ्याचा प्राणवायू काढणारा मुलगा न्यायमूर्तींच्या डोळ्यांपुढे होता. भीती खोटी नव्हती. पण तिच्यापायी लाखो प्रामाणिक कुटुंबे डामाच्या कागदाकडे ढकलली गेली, आणि त्या कागदावर तर कोणाचीच देखरेख नसते. लोभी मुलाला डामाची सही पुरते. त्याला मंडळाची गरजच नाही. कडक कायद्याने त्याला अडवले नाही, अडवले ते सरळ माणसाला.

अतिदक्षता तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने हेच न्यायालयासमोर मांडले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने वाट बरीच सोपी केली. आज जे लागू आहे ते असे. इच्छापत्र सज्ञान आणि सुबुद्ध माणसाने स्वखुशीने करायचे, दोन साक्षीदारांसमोर. न्यायदंडाधिकाऱ्याची गरज नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरे. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्या जवळच्या माणसांची नावे त्यात लिहायची, एकापेक्षा जास्त चालतात. त्याची प्रत त्या माणसांना, आपल्या फॅमिली डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याला द्यायची. मन बदलले तर लेखी रद्द करता येते.

वेळ आली की दवाखान्याने प्राथमिक मंडळ बसवायचे. उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षे अनुभव असलेले त्या विषयाचे दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचे. मग दुय्यम मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही तेवढाच वेळ. दोन्ही मंडळांचे मत आणि घरच्यांची संमती जुळली की न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचे. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. महत्त्वाची गोष्ट म्हणजे इच्छापत्र नसले तरी हीच वाट मोकळी आहे. फक्त तिथे रुग्णाच्या शब्दाऐवजी जवळच्या नातलगांची संमती लागते. आपल्या देशात अशी पत्रे लिहिणारे मूठभर असल्याने उद्या ज्यांच्यावर वेळ येईल, त्यांतल्या बहुतेकांना हा दुसरा भागच उपयोगी पडणार आहे, आणि नेमका तोच कोणी सांगत नाही.

चार दिवसांत संपू शकणारी ही प्रक्रिया आहे. मामा दहा दिवस नळीवर होते.

इथे एका शब्दाची अडचण सांगायला हवी. वर्तमानपत्रे या सगळ्याला ‘निष्क्रिय इच्छामरण’ म्हणतात. या नावाने फार नुकसान केले आहे. ‘इच्छामरण’ म्हटले की आपल्याला भीष्म आठवतात आणि डॉक्टरांना इंजेक्शन. गिरगावातल्या एका वृद्ध दांपत्याने २०१७ च्या अखेरीस राष्ट्रपतींना पत्र लिहून दोघांना एकत्र मरण द्यावे अशी मागणी केली होती. ते दोघे आजारी नव्हते. आपले आयुष्य आता कोणाच्या उपयोगाचे नाही, असे त्यांना वाटत होते. त्यांची मागणी इच्छामरणाची होती आणि ती भारतात बेकायदा आहे. विषारी औषध टोचून मरण आणणे हा आजही मनुष्यवधाचाच गुन्हा ठरतो, भले रुग्णाने हात जोडून मागितले असो. व्हेंटिलेटर काढणे यात बसत नाही. तिथे माणूस त्याच्या आजाराने जातो. म्हणूनच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१८ मध्ये या विषयाच्या व्याख्या प्रसिद्ध करताना ‘निष्क्रिय’ हे विशेषण टाळायला सांगितले आणि ‘उपचारांना मर्यादा घालणे’ अशा सरळ शब्दांचा पुरस्कार केला. २०२० मध्ये तिनेच हृदय थांबल्यावर छाती दाबून पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ज्यांनी ऐंशी वर्षांच्या, कर्करोग हाडांत पोचलेल्या माणसाच्या बरगड्या दाबून मोडताना पाहिल्या आहेत, त्यांना ही तत्त्वे का लागली ते सांगावे लागणार नाही.

डॉक्टरांपुढे आणखी एक पेच असतो, आणि तो कायद्यानेच निर्माण केला आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूचा मूलस्तंभ कायमचा बंद पडलेला माणूस मृत असतो. चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ते प्रमाणित करतात. पण ही व्याख्या अवयवदानाच्या कायद्यात आहे. घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला तर माणूस मृत, आणि नकार दिला तर? तोच माणूस, तोच मेंदू, पण आता व्हेंटिलेटर बंद करायला डॉक्टरांचा हात थरथरतो. केरळ सरकारने २०२० मध्ये मेंदूमृत्यू म्हणजेच मृत्यू, अवयवदान होवो वा न होवो, असे स्पष्ट करून हा घोळ मिटवायचा प्रयत्न केला. देशभरासाठी एक सरळ व्याख्या अजून नाही. नकार दिलेल्या कुटुंबाला मृत माणसाचे दिवसाचे बिल भरायला लावणे यात न्याय कुठला?

केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये जगवून ठेवणारे उपचार काढून घेण्याविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा प्रसिद्ध केला. मेंदूमृत्यू, उपचारांचा फायदा होणार नाही हा वैद्यकीय निष्कर्ष, रुग्णाचा किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्याचा लेखी नकार आणि न्यायालयाने सांगितलेली प्रक्रिया, असे त्याचे चार आधार. डॉक्टरांच्या संघटनेने लगेच हरकत घेतली की यामुळे डॉक्टरांवर दडपण येईल आणि खटले वाढतील. मला ही भूमिका पटत नाही. लेखी नियम नसताना डॉक्टरांवर जास्त दडपण असते. आपल्या राज्यात २०१० पासून डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे, तो करावा लागला याचाच अर्थ मरणाच्या दारातले गैरसमज मारामारीपर्यंत जातात. नोंद, मंडळ, सही आणि समोरासमोर बसून केलेले बोलणे या गोष्टी डॉक्टरला वाचवतात. “घरी नेलं तर बरं” अशी कानात केलेली कुजबूज त्याला वाचवत नाही.

न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर प्रत्यक्षात काय झाले? मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे इच्छापत्र तयार केले, तेव्हा ते ठेवायचे कोणाकडे हेच महापालिकेत ठरलेले नव्हते. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर राज्य सरकारने स्थानिक संस्थांमध्ये अभिरक्षक नेमले. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपले इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. न्यायमूर्तीने स्वतःच्या मरणाविषयी जाहीरपणे लिहावे, याचे मला फार मोल वाटते, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की घरातली बाई “शुभ बोल” म्हणून दार लावून घेते. कर्नाटकाने ३० जानेवारी २०२५ रोजी परिपत्रक काढून दोन्ही मंडळांची व्यवस्था लावायला सुरुवात केली. कोल्हापूर, सांगलीच्या माणसांचे नातलग बेळगाव, हुबळीच्या दवाखान्यांत असतात. सीमेपलीकडे आईला मिळणारा हक्क अलीकडे बापाला मिळायला वेळ लागावा, हे कशासाठी?

अभिरक्षक नेमले म्हणजे काम झाले असे आपल्याकडे मानले गेले, ही खरी चूक आहे. इच्छापत्र सांभाळणारा कारकून महत्त्वाचा, पण दुय्यम मंडळ हे या यंत्रणेचे हृदय आहे. दुय्यम मंडळासाठी डॉक्टर आधीच नेमलेले नसतील तर कोणत्या रुग्णालयाने, शनिवारी रात्री, कोणाला फोन करायचा? गाझियाबादच्या एका तरुणाच्या प्रकरणात याची किंमत दिसली. २०१३ मध्ये चंदीगडला शिकत असताना तो चौथ्या मजल्यावरून पडला आणि त्यानंतर नळीतून दिलेल्या अन्नावर जगत राहिला. आईवडिलांनी दिल्ली उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. तो व्हेंटिलेटरवर नाही, म्हणून जुलै २०२४ मध्ये नकार मिळाला. सर्वोच्च न्यायालयानेही त्या वेळी हात आखडता घेतला आणि सरकारला देखभालीची सोय पाहायला सांगितले. हेच प्रकरण पुन्हा तिथे गेले, तेव्हा २०२५ च्या अखेरीस न्यायालयाने आधी प्राथमिक आणि मग दिल्लीच्या एम्समध्ये दुय्यम मंडळ नेमायचा आदेश दिला. नळीतून अन्न देणे हा उपचार की सेवा, हा अवघड प्रश्न त्यात होता. माझ्या मते शस्त्रक्रियेने पोटात बसवलेली नळी हा उपचारच. आईने भरवलेला घास वेगळा. पण त्या अवघड प्रश्नापर्यंत जायच्या आधीची गोष्ट साधी आहे. जे मंडळ जिल्ह्यात चार दिवसांत बसायला हवे होते, त्यासाठी त्या बापाला देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाचे दोनदा उंबरठे झिजवावे लागले.

कायद्याने घरातल्या माणसांवर विश्वास टाकला आहे, पण घर म्हणजे कोण, हे सांगितलेले नाही. नवरा, मुलगी, भाऊ यांच्यात कोणाचा शब्द आधी, अशी उतरंड न्यायालयाने घालून दिलेली नाही. आपल्याकडे ती आपोआप पडते. थोरला मुलगा बोलतो, जावई गप्प बसतो, दहा वर्षे सेवा केलेल्या सुनेला कोणी विचारत नाही. आणि अनेक मराठी घरांत एक खुर्ची रिकामी असते. न्यू जर्सीहून किंवा दुबईहून येणाऱ्या मुलाची. “तो येईपर्यंत ठेवा,” असे डॉक्टरांना सांगितले जाते. मी त्या मुलाला दोष देत नाही. आईचा हात गरम असताना धरावा असे कोणाला वाटणार नाही? पण तो विमानातून उतरतो तेव्हा आठ वर्षे इथे नसल्याची बोच त्याच्या मनात असते आणि तीच बोच तोंडाने म्हणते, “पैशाकडे बघू नका, सगळं करा.” ‘सगळं’ म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावत नाही. नळी, डायलिसिस, प्रेशर टिकवणारी औषधे, छाती दाबणे. त्यातले आईला काय हवे होते, ते तिने कधी सांगितलेले नसते, कारण कोणी विचारलेले नसते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. अतिदक्षता विभागातून घरी नेलेले पुष्कळ रुग्ण बरे होण्याची आशा संपली म्हणून नव्हे, तर पैसे संपले म्हणून नेले जातात. त्या कुटुंबाच्या ‘नको’ला सन्मानाचे मरण म्हणणे म्हणजे कायद्याचा आणि त्या कुटुंबाचा अपमान आहे. ज्या मंडळाने उपचार थांबवायला संमती द्यायची, त्याने पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की बिल माफ झाले असते तर तुम्ही काय म्हणाला असता. उत्तर वेगळे येत असेल तर तिथे महात्मा फुले योजनेचा किंवा धर्मादाय खाटांचा अर्ज पुढे करायचा, संमतीचा कागद नव्हे.

आणि उपचार थांबवणे म्हणजे काळजी थांबवणे नव्हे. इथेच डामाचा कागद सर्वांत क्रूर ठरतो. नळी काढल्यावर धाप, वेदना, घशातली घरघर यांवर औषधे आहेत. मॉर्फिन स्वस्त आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातली २०१४ ची दुरुस्ती झाल्यापासून ते मिळवण्याचे परवान्यांचे जंजाळही बरेच कमी झाले. तरीही २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ समूहाच्या अभ्यासगटाने मरणाच्या गुणवत्तेचा जो निर्देशांक काढला, त्यात ऐंशी देशांमध्ये भारत सदुसष्टावा होता. त्याआधी २०१० मध्ये तर चाळीसांत चाळिसावा. परिहारसेवा म्हणजे वेदना आणि हाल कमी करणारी सेवा, ती अतिदक्षता विभागाच्या पुढची पायरी नाही, त्याच विभागातली एक खाट असायला हवी. रुग्णाला घरी न्यायचेच असेल, आणि आपल्याकडे शेवटचा श्वास घरच्या दारात सोडावा ही ओढ मोठी आहे, तर सोबत औषध, ते देणारी सिस्टर आणि रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर द्यावा. कागदावर ‘सल्ल्याविरुद्ध’ नव्हे, ‘सल्ल्यानुसार’ असे लिहावे.

आपल्या राज्यातल्या प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाला आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला माझी विनंती आहे. आपल्या हद्दीतल्या डॉक्टरांची दुय्यम मंडळासाठी यादी करा, तिच्यावर सुट्टीच्या दिवशीही लागणारा दूरध्वनी क्रमांक छापा आणि अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ती लावा. त्यासाठी विधानसभेत नवा कायदा करावा लागत नाही, अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. अधिकार २४ जानेवारी २०२३ पासून तुमच्याकडे आहे.